भरीत पाच स्टार, पंगत साडेचार, आणि फौज की आश्रम हा वाद फुकट

बोर्डावर नुसतं 'भरीत भाकरी' लिहिलंय आणि खाली एक बाण, बस. भुसावळहून वरणगावच्या अंगाला निघालं की मधेच हायवे सोडून आत वळायचं, केळीच्या बागा सुरू झाल्या की समजायचं रस्ता बरोबर. मालक फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले, सगळे त्यांना सुभेदारच म्हणतात. त्यांना विचारलं रिव्ह्यू टाकू का, तर म्हणाले टाका पण पत्ता टाकू नका, चाळीस ताटांच्या वर माझ्याच्यानं होत नाही. म्हणून पत्ता नाही, रागावू नका, आसपासच्या कुठल्याही रिक्षावाल्याला विचारा, तो बरोबर नेऊन सोडतो.

आधी खाण्याचं सांगतो कारण निम्मे लोक तेवढंच वाचून पळतात. वांगी बामणोद गावची, तीच ती हिरवट पांढरी, मोठाली, बिया कमी. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून प्रत्येक धाब्याच्या बोर्डावर बामणोद आलंय, आतलं वांगं कुठल्या मार्केटचं ते देवाला ठाऊक, पण इथे सुभेदार स्वतः पहाटे जाऊन निवडून आणतात. गॅसचा संबंध नाही, कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजतात. मागे जाऊन बघितलं तर एक मावशी जळकं साल सोलत बसल्या होत्या, बोटं पाण्यात बुडवायची, साल ओढायचं, चटका बसला की परत बुडवायची. मी म्हटलं मावशी वांगंच पाण्यात टाका की, तर माझ्याकडे अशा बघितल्या जसा मी काही वंगाळ बोललो. धुतलं की धुराचा वास गेला, मग राहिलं काय? मग लाकडी बडगीत आधी भाजलेली हिरवी मिरची आणि लसूण, त्यावर वांगं, आणि मुसळाने ठेचणं. मिक्सरमधल्या भरताची पेस्ट होते, इथे रेषा लागतात जिभेला. वरून तेलात शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, मूठभर कांद्याची पात. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, मुळा, लिंबू आणि कढी. फौजदारी डाळ पण असते, नाकातून पाणी काढते, बीपीवाल्यांनी लांब राहा. भरताला पाचपैकी पाच, यावर चर्चा नाही.

आता सर्व्हिस. इथेच लोकांचं बिनसतं आणि एक स्टार देऊन जातात. टेबल-खुर्ची नाही, जमिनीवर पट्ट्या, गुडघे दुखत असतील त्यांच्यासाठी भिंतीला लागून दोन बाकडी. पंगती दोनच. पहिल्या पंगतीत जेवलात तर तुमच्या ग्रुपमधल्या एकाने दुसऱ्या पंगतीला वाढायचं, दुसऱ्या पंगतीत जेवलात तर मागची मोठी भांडी घासायला हात लावायचा, आणि ताट ज्याचं त्याने धुवायचं, मग तुम्ही तलाठी असा नाहीतर आमदाराचे साडू. पैसे दीडशे, दारात क्यूआर लावलाय, कोणी मोजायला उभं नसतं. आमच्याच पुढे एक पुण्याच्या पासिंगची गाडी आली होती, त्यातले साहेब म्हणाले आम्ही पैसे देतोय मग वाढायचं कशाला, सुभेदार म्हणाले पैसे वांग्याचे आहेत. गेले बिचारे उपाशी. माझ्या मते हे थोडं जास्त होतं, लहान मुलं होती सोबत, पण नियम म्हणजे नियम.

खरा किस्सा पुढेच आहे आणि त्यासाठीच एवढं टाइप करतोय.

दुसरी पंगत बसली होती, पहिलीतले लोक वाढत होते, त्यात भरताचं पातेलं घेतलेला एक चाळिशीचा माणूस वाढत वाढत आला आणि एका ताटासमोरून सरळ पुढे निघून गेला. ज्याला सोडलं तो ताट सरकवून उभाच राहिला. माझ्या शेजारी वरणगाव फॅक्टरीतून रिटायर झालेले एक नाना बसले होते ते कानात म्हणाले, चुलतभाऊ आहेत दोघं, बांधावरून कोर्टात चालूय, गेल्या उन्हाळ्यात कुऱ्हाड निघाली होती. पंगतीत सगळ्यांचे घास हातात थांबलेले. सुभेदार मागून आले, हातात बडगीचं मुसळ होतं, आता ते मुद्दाम आणलं का काम अर्धवट टाकून आले म्हणून होतं, मला सांगता येणार नाही. आवाज काही चढवला नाही, ते अमळनेरकडचे, अहिराणीतच बोलतात, म्हणाले, "पहिले वाढ. भांडानं व्हई ते बाहेर जाईसन भांडजा." त्याने वाढलं. म्हणजे पळी आपटलीच ताटात, नेहमीच्या तिप्पट. दुसऱ्याने खाली बसून खाल्लं, सगळं नाही, अर्धं. नंतर ताट धुवायला नळ एकच, त्यामुळे दोघं एकामागे एक लायनीत, बोलले एक अक्षर नाहीत. केस चालूच आहे असं नाना सांगत होते, त्यामुळे गळाभेट वगैरेची अपेक्षा ठेवून वाचत असाल तर ती इथे नाही.

आणि मग शांतता फौजेने टिकते की आश्रमासारखं एकत्र राहून, यावर जो वाद पेटला ना भो, तास-दीड तास कोणी हललं नाही.

नाना म्हणाले बघितलं, मुसळ होतं म्हणून झालं. नाहीतर तुमची पंगत, समता, एकत्र जेवण, सगळं त्या पातेल्यासकट उडालं असतं. नानांची सगळी नोकरी काडतुसं बनवण्यात गेली, वरणगावची ऑर्डनन्स फॅक्टरी १९६४ ची, बासष्टच्या युद्धानंतरची, आणि त्यांचं म्हणणं एका ओळीचं, बासष्टच्या आधी आपण चीनबरोबरच्या पंचशील करारावर विश्वास ठेवून बसलो त्याचं काय झालं ते सगळ्यांना माहितीय. २०२१ ला फॅक्टऱ्यांच्या कंपन्या केल्या त्यावर पण ते दहा मिनिटं बोलले, तो त्यांचा दुखरा विषय आहे, ते सोडा.

समोर एक रिटायर गुरुजी होते, खादीचा कुडता, सर्वोदयवाले. ते म्हणाले मुसळाने फक्त कुऱ्हाड थांबली, पण हातात पळी कोणी दिली? वाढायची पाळी त्याच्यावर आली नसती तर दोघं एका छताखाली आलेच नसते. मग त्यांनी विनोबा काढले, आणि खान्देशात विनोबा निघाले की १९३२ चं धुळ्याचं जेल निघतंच, दर रविवारी गीतेवर प्रवचन आणि साने गुरुजी लिहून घेताहेत, जेलमधले चोर-दरोडेखोरसुद्धा ऐकायला. तिथून थेट चंबळ, १९६० साली विनोबांपुढे डाकूंनी बंदुका ठेवल्या, एकही गोळी न झाडता, हे तुमच्या फॅक्टरीच्या कुठल्या काडतुसाने केलं नाना?

नाना कच्चे नाहीत. ते म्हणाले १९६० ला वीसेक जण शरण आले ना, मग १९७२ ला जयप्रकाशांपुढे परत शेकड्यांनी का यावं लागलं? म्हणजे मधली बारा वर्षं चंबळ चालूच होतं की! आणि मागे पोलिस लागलेले नसते तर कोण येतंय प्रवचन ऐकून? गुरुजी म्हणाले बहात्तरला नुसतं प्रवचन नव्हतं, फाशी देणार नाही असा शब्द दिला होता, मध्य प्रदेशात मुंगावलीला खुलं जेल केलं, पुढे पोटापाण्याची सोय बघितली. इथे मला वाटलं गुरुजींनी स्वतःचाच मुद्दा जरा वाकवला, कारण ही सगळी कामं सरकारची, आश्रमाची नाहीत, पण मी गप्प बसलो कारण कढी गरम होती.

सुभेदार इतका वेळ काहीच बोलले नव्हते. पट्ट्या गुंडाळत गुंडाळत म्हणाले मी निळी टोपी घालून गोम्याला होतो. काँगोतलं गोमा, युनोच्या शांतिसेनेत आपली ब्रिगेड तिथेच असायची. म्हणाले आम्ही उभे तोवर गोळीबार बंद, आमची गाडी वळली की परत सुरू. कुणीतरी म्हणालं म्हणजे काही उपयोग नाही फौजेचा, तर त्याच्यावर चिडले, म्हणाले आम्ही रस्त्यावर उभे असताना बायका पाणी भरून यायच्या, तो उपयोग. त्याच्यापुढचं आमच्या हातात नव्हतं.

ते गोमा मी आधीपासून वाचत आलोय, आमच्या घरी माझ्या असल्या वाचनाला रिकामे उद्योग म्हणतात. काँगोत युनोचं मिशन १९९९ पासून आहे. जगातल्या सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात महागड्या मिशनपैकी एक, तरी २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये एम-२३ नावाच्या बंडखोरांनी गोमा घेतलं, नंतर सोडलं, आणि २०२५ च्या जानेवारीत परत घेतलं. पंचवीस वर्षं बंदुका उभ्या करून शहर दोनदा गेलं. कारण जमीन कोणाची, खाणीतला पैसा कोणाचा, पूर्वीपासून राहणारे कोण आणि बाहेरचे कोण, हे प्रश्न बंदुकीच्या नळीसमोरून हलतच नाहीत, ते मागेच बसून राहतात.

पण मग गुरुजींची बाजू जिंकली असं पण नाही हां. एकत्र राहणाऱ्यांचा रेकॉर्ड बघा ना. हटराइट म्हणून एक ख्रिश्चन पंथ आहे, सोळाव्या शतकापासूनचा, सगळी मालमत्ता सामाईक, जेवण सामाईक, आणि शस्त्र अजिबात हातात घ्यायचं नाही. यांच्याएवढे तत्त्वाला चिकटून कोणी नाही. काय झालं? युरोपातल्या मोराव्हियातून हाकलले, तिथून फिरत फिरत रशिया, रशियात सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा आला म्हणून अमेरिका, आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकेनेच त्यांच्या पोरांना युनिफॉर्म घालत नाहीत म्हणून जेलमध्ये टाकलं, त्यात होफर आडनावाचे दोन सख्खे भाऊ १९१८ ला मेले, मग बहुतेक कॉलन्या कॅनडाला गेल्या. म्हणजे आतमध्ये चारशे-पाचशे वर्षं शांतता, आणि ती टिकवायला दर काही पिढ्यांनी बिऱ्हाड पाठीवर. ही शांतता टिकाऊ म्हणायची का? मी म्हणेन हो, पण ती कुंपणाच्या आतली.

त्यांची एक गोष्ट मात्र मला फार आवडली. कॉलनीत साधारण दीडशे डोकी झाली की ते कॉलनीचे दोन भाग करतात, नवी जमीन घेऊन अर्धे लोक तिकडे. कारण त्याच्यावर गेलं की कोण काम करतंय आणि कोण नुसता जेवतोय हे कळेनासं होतं. सुभेदार चाळीस ताटांच्या वर जात नाहीत ते मला तेव्हा डोक्यात बसलं.

किबुत्झचं, म्हणजे इस्रायलमधल्या सामूहिक शेतीवस्त्यांचं पण असंच, १९१० चं देगानिया पहिलं, सामाईक भोजनालय, सामाईक कपडे धुणं, बऱ्याच ठिकाणी मुलं पण सामाईक घरात. आणि तेच लोक पहिल्या दिवसापासून रात्री बंदूक घेऊन पहारा देत होते, फौजेला सगळ्यात कडवे अधिकारी पण त्यांनीच दिले. म्हणजे सहजीवन आणि फौज एकाच ताटात. पुढे ऐंशीच्या दशकात कर्जात बुडाले आणि बऱ्याच ठिकाणी पगार वेगळे झाले. आणि ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासच्या हल्ल्यात गाझाच्या कुंपणालगतचे बेएरी, नीर ओझ असे जे किबुत्झ जळाले, तिथे गाझातल्या आजारी लोकांना स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेणारे म्हातारे राहत होते. आत एकमेकांशी कितीही चांगले राहिले तरी कुंपणापलीकडच्यांशी पंगत बसलेलीच नव्हती, दोन-चार जणांच्या चांगुलपणाने ती बसत नाही. आणि पलीकडच्या बाजूला जे झालं आणि होतंय ते बघून तर फौजेनेच शांतता येते म्हणणाऱ्यांनी पण तोंड उघडू नये.

कोस्टा रिकाचं नाव नेहमी निघतं, इथेही एका कॉलेजच्या पोराने काढलंच. १ डिसेंबर १९४८ ला फौजच बंद केली, पैसा शाळा-दवाखान्यांना. खरंय, आणि भारी आहे. पण १९५५ ला निकाराग्वाकडून हल्ला झाला तेव्हा अमेरिकेने चार लढाऊ विमानं एकेका डॉलरला दिली हे पण खरंय. शेजारच्या वाड्याचा गुरखा आपल्यावर पण लक्ष ठेवत असेल तर आपण कुलूप नाही लावलं तरी चालतं.

एवढं लांब जायची गरज पण नव्हती म्हणा. माझी आत्या धरणगावची, तिथे इंग्रजांच्या भिल्ल कोअरचं ठाणं होतं. १८१८ ला इंग्रजांनी खान्देश घेतला आणि सातपुडा-सातमाळ्यातल्या भिल्लांनी त्यांना सळो की पळो केलं. सात-आठ वर्षं पलटणी पाठवल्या, नायक पकडून फाशी दिले, काही उपयोग नाही. मग १८२५ ला धोरण बदललं, एकीकडे आउट्रम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्लांचीच फौज उभी केली, पगार आणि गणवेश देऊन, आणि दुसरीकडे भिल्ल एजन्सी काढून शेतीला जमीन, बी, बैलांसाठी तगाई म्हणजे सरकारी कर्ज दिलं. आणि खरंच शांत झालं. नाना म्हणतील बघा फौज, गुरुजी म्हणतील बघा जमीन. पण पुढचं बघा की, तीस वर्षांत सावकार जमिनीवर बसले, जंगल हातातून जायला लागलं, आणि १८५७ ला उठला कोण, तर खाज्या नाईक, ज्याला इंग्रजांनीच सेंधवा घाटाच्या राखणीला ठेवला होता! ज्याच्या हातात यांनी शांततेसाठी बंदूक दिली त्यानेच यांचा खजिना लुटला. १८५८ च्या एप्रिलमध्ये आंबापाणीला मोठी लढाई झाली. शांतता तेव्हाच मोडली होती, जेव्हा हिशोब एकतर्फी झाला, गोळी नंतर सुटली.

तर माझं मत विचाराल, आणि नाही विचारलं तरी सांगतोच, कुऱ्हाड निघाली असेल त्या घटकेला मुसळ लागतं. तिथे प्रवचन चालत नाही, १९४७ ला काश्मीरला फौज उतरवली तेव्हा गांधीजींनीसुद्धा विरोध केला नव्हता. पण मुसळ हातात धरून कोणी जन्मभर उभं राहू शकत नाही, आणि राहिलं तर तो माणूस मालक होऊन बसतो. टिकतं ते पाळीने. आज मी वाढलं, उद्या तू वाढ, भांडी परवा तिसऱ्याने, आणि कोण टाळतंय ते सगळ्यांना दिसलं पाहिजे. नुसतं एकत्र जेवून काही होत नाही, लग्नाच्या पंगतीत भाऊबंद दरवर्षी एकत्र जेवतात आणि दरवर्षी केसेस वाढतात. काम आणि जमीन वाटून घेतल्याशिवाय प्रेमबीम काही उगवत नाही.

याचा पुरावा तिथेच मिळाला. वाद संपला, सहजीवनावर सगळ्यात जास्त बोललेले गुरुजी उठले, आणि त्यांचं ताट त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याने उचललं, "राहू द्या गुरुजी" म्हणत. गुरुजींनी राहू दिलं. काडतुसंवाले नाना मात्र आपलं ताट राखेने घासत होते, वर शेजारच्याचं पण घासलं.

आता अर्धा स्टार कुठे कापला ते. मागे साल सोलणाऱ्या त्या मावशी आणि भाकरी थापणाऱ्या आणखी दोघी, त्या कुठल्याच पंगतीत बसत नाहीत. इथे कोणी लहान-मोठं नाही असं सुभेदार अभिमानाने सांगतात, म्हणून मी विचारलं की या कधी जेवतात. म्हणाले सगळं आटोपल्यावर, तीन वाजता, त्यांना पगार आहे ना. पगार आहे हे बरंच आहे, पण मग नियम गिऱ्हाइकांचाच झाला ना, चुलीपाशी पाळी फिरतच नाही. भाकरी थापायला पुरुष माणूस बसवा म्हटलं तर सगळे हसले, मावशी सोडून. मी सुभेदारांना म्हटलं निदान पहिल्या पंगतीला त्यांना बसवा आणि तेवढा वेळ आम्ही तव्यावर उभे राहतो, जळल्या भाकरी आमच्याच ताटात टाका. बघू म्हणाले. फौजेतला माणूस बघू म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ काय असतो ते नाना सांगतील.

बाकी फुटकळ. भरीत दिवाळीनंतर सुरू, होळीपर्यंत, उन्हाळ्यात गेलात तर वरणबट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी मिळेल, ती पण चांगली आहे पण त्यासाठी मुद्दाम जळगावहून येऊ नका. मंगळवारी बंद. बाथरूम स्वच्छ, अंधार आहे थोडा. पार्सल देत नाहीत, कितीही ओळख काढा. पहिली पंगत साडेअकराला म्हणजे साडेअकराला, पाच मिनिटं उशीर झाला की दुसरीत, आणि दुसरीत बसलात तर भांडी घासायची आहेत हे घरच्यांना गाडीतच सांगून ठेवा, तिथे जाऊन तोंड वाकडं केलं की सुभेदार काही बोलत नाहीत, फक्त राखेचं घमेलं पुढे सरकवतात.